बसणाऱ्याचं वजन

माझी मुलगी पडली तेव्हा मी तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर उभा होतो, आणि मी आधी गाडीकडे पाहिलं. हे मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. गाडी एका कुशीवर पडली होती, वरचं चाक गरगर फिरत होतं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो चाक वळवणारा टाय रॉड वाकला की काय, असा. मुलगी त्यानंतर. ती उठून बसली होती आणि एका हातानं हेल्मेट काढायला बघत होती. दुसरा हात तिनं मांडीवर तसाच ठेवला होता. तो मनगटापाशी बरोबर दिसत नव्हता.

मग मी धावलो. हेल्मेट काढलं, पाणी पाजलं. आणि तिथं जमलेल्या आठ-दहा जणांसमोर, ती अजून धुळीत बसलेली असताना, मी म्हणालो, "किती वेळा सांगितलं, मनगटात जोर नाही तुझ्या. हँडल धरता येत नाही, तर एवढ्या जोरात जायचं कशाला?"

एरवी माझ्या एका वाक्याला तिची तीन वाक्यं असतात. त्या दिवशी तिनं नुसती मान हलवली. म्हणजे हो, तुझं बरोबर आहे, अशी. आज हे लिहायला बसलोय ते त्या मान हलवण्यामुळे.

माझं विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यावर, व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेनं झिजतो, स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी तिरकी जाते, अशा तक्रारी घेऊन लोक येतात. मी ऐकतो, आणि त्यांचं अर्धं बोलून व्हायच्या आत सांगतो की गाडीला काही झालेलं नाही, मागच्या आठवड्यात फुटपाथवर चढवली होतीत ते आठवा. त्यांना आठवतं. पुण्यात दुकानदारांना पाट्या लावायची हौस असते, पण आमच्या दुकानात एकही पाटी नाही. माझी बायको म्हणते, पाटीची गरजच काय, तुम्ही बसलेले असता ना.

बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं, हीच खरी पंचाईत आहे. वर्षानुवर्षं बरोबर निघत गेलं की माणूस समोरच्याचं ऐकणं कधी सोडतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. माझं तसंच झालं होतं. गिऱ्हाइकांच्या बाबतीत ते खपून गेलं.

मुलगी खराडीला एका कंपनीत काम करते. पाच दिवस एसीत, कॉम्प्युटरसमोर. उरलेले दोन दिवस ती मांजरी गावच्या धुळीत असते, कारण तिला एटीव्हीच्या शर्यतींचं वेड आहे. एटीव्ही म्हणजे चार चाकांची मोटरसायकल म्हणा. चार फुगीर टायर, मध्ये मोटरसायकलसारखं सीट आणि हँडल, ना दरवाजा ना छप्पर. थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवतात ती जड आणि मवाळ असते. ही शर्यतीची. हलकी, रुंद, आणि जागेवर उभी असली तरी अंगात आल्यासारखी थरथरणारी. तिनं ती स्वतःच्या पगारातून, वापरलेली घेतली. बायको म्हणाली, स्कूटर घेतली असतीस तर मलाही मागे बसता आलं असतं. मी वरवर कपाळाला हात लावला, पण आतून मला बरं वाटलं होतं. तीस वर्षांत माझ्या कामात घरातल्या कोणी डोकावलं नव्हतं. आता माझी मुलगी मला टाय रॉडबद्दल विचारत होती.

मांजरीत उसाची शेतं आणि नव्या सोसायट्या यांच्या मधे एक मोकळं रान आहे. मालकानं ऊस बंद केलाय, बिल्डरशी बोलणं चाललंय, आणि ते संपेपर्यंत त्यानं जेसीबी लावून तिथं उंचवटे आणि खड्डे काढलेत आणि या मुलांना सरावाला मातीचा ट्रॅक करून दिलाय. स्वतः कडेच्या चिंचेखाली बाज टाकून बसतो. गंमत बघतो. "घरचं रान सोडून धूळ खायाला येत्यात," असं म्हणतो आणि सगळ्यांना चहा पाजतो.

गाडी बसवायची म्हणजे तिचं स्टिअरिंग आणि शॉकअप जमवून द्यायचे, हे काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी ते माझ्या उस्तादांच्या पद्धतीनं करतो. नाना पेठेत त्यांचं गॅरेज होतं. त्यांचा एकच कडक नियम होता: ज्यानं शेवटचा पाना लावला, त्यानंच पहिली चक्कर मारायची. गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली त्यानंतर. नट ढिला राहिला असेल तर आधी आपलं डोकं फुटू दे, असं ते हसत हसत सांगायचे. हा नियम मी आजवर एकदाही मोडलेला नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर त्यानंच घात केला.

झालं असं की माझे गुडघे गेलेत. तीस वर्षं गाड्यांखाली खड्ड्यात उतरायचं आणि वर चढायचं, त्यात जाणारच होते. त्यामुळे आम्हा बापलेकीची वाटणी ठरून गेली. मी सीटवर बसून हँडल सरळ धरायचं आणि तिनं खाली वाकून मोजायचं. तिची नजरही चांगली. पुढच्या दोन्ही टायरांच्या मधोमध खडूची रेघ मारायची. या रेघेपासून त्या रेघेपर्यंतचं अंतर आधी चाकांच्या पुढून टेपनं मोजायचं, मग मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा चार मिलिमीटर कमी पाहिजे. म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत वळलेली राहतात आणि गाडी सरळ धावते. ते अंतर जमवायला चाकांना जोडलेले टाय रॉड फिरवायचे आणि वर नट आवळायचे. दुसरं काम स्प्रिंगचं. माणूस बसल्यावर गाडी थोडी दबली पाहिजे. तेवढी दबली तरच खड्डा आल्यावर चाकाला खाली उतरायला जागा राहते. दबलीच नाही तर चाक खड्ड्यावरून हवेतच जातं आणि पलीकडे आपटतं.

मी बसलो की गाडी फार दबायची. मी शॉकअपची रिंग आवळून स्प्रिंग कडक केली. मग टायरांचं अंतर जमवलं, नट आवळले, आणि नियमाप्रमाणे पहिली चक्कर मारली. या वयात, हेल्मेट घालून, मांजरीच्या रानात. गाडी इतकी सरळ गेली की सपाटीवर मी एक हात सोडून हेल्मेटच्या आतला चष्मा नीट केला. मालक बाजेवरून उठून उभा राहिला. "सायेब, शर्यतीला तुमीच उतरा," म्हणाला, "पोरगी बसंल हितं माज्याबरूबर चा पीत."

मी खाली उतरलो आणि मुलीला म्हणालो, "घे. याहून चांगली होत नाही."

तिनं चार फेऱ्या मारल्या आणि येऊन म्हणाली, "बाबा, खड्ड्यातून बाहेर पडताना हँडल हातातून ओढलं जातंय. आणि पुढून गाडी फ्लोटी वाटतेय, म्हणजे जमिनीवर आहे की नाही तेच कळत नाही."

मी म्हणालो, "मी आत्ताच चालवली. काही ओढत नव्हतं. मनगटात जोर आण."

तिनं रबरी चेंडू आणला. घरी टीव्ही बघताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली, ती तो दाबत असायची. मला कौतुक वाटायचं. पोरगी ऐकते, असं मी बायकोला सांगितल्याचंही आठवतं. पुढे तीन आठवड्यांनी ती पडली.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं, निघालं, व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाले, हात आता चांगला आहे, वापरायला लागा. पण ती वापरत नव्हती. गाडी दुकानाच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि मुलगी रविवारी घरी बसून वर्तमानपत्र वाचत होती. आमच्या घरात रविवारी इतकी शांतता मी आधी कधी पाहिली नव्हती. मग एका संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं की गाडीचे फोटो तिनं नेटवर टाकलेत, साताऱ्याचा एक मुलगा येत्या रविवारी मांजरीला येऊन बघणार आहे.

"एकदम विकायचीच कशाला?" बायको म्हणाली.

"अगं, बाबा सांगत होताच ना," मुलगी म्हणाली. "माझ्या हातात तो जोर नाही. उगाच ओढून ताणून कशाला करायचं?"

ती चिडून बोलली असती तर मला परवडलं असतं. मी टाय रॉड वाकलाय म्हणालो तर लोक जसं मानतात, तसं तिनं मानलं होतं. तिच्या हातात जोर नाही. विषय संपला. तिनं आमटी वाढून घेतली, आणि मला माझं म्हणणं तेव्हाही बरोबरच वाटत होतं.

गाडी विकायची तर नीट करून विकायची. वाकलेला टाय रॉड मी बदलला. आता पुन्हा अंतर जमवायचं होतं, आणि मोजायला मुलगी नव्हती. ती शेडकडे फिरकतच नव्हती. माझी बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळची शाळा सुटली की माझा डबा घेऊन दुकानात येते आणि मी जेवेपर्यंत मुलांच्या वह्या तपासते. मी तिला म्हणालो, "जरा गाडीवर बस. हँडल सरळ धरायचं, एवढंच. मी खाली बसून मोजतो."

"अहो, साडीत?"

"कोण बघतंय?"

"समोरचा मेडिकलवाला बघतोय. मघापासून बघतोय."

तरी बसली. निऱ्या खोचल्या, दोन्ही पाय पायट्यांवर ठेवले, आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून बसवलेल्या मुलासारखी ताठ बसली. मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसलो आणि टेप लावला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा तीन मिलिमीटर जास्त आलं. कमी नाही, जास्त. म्हणजे चाकांची तोंडं बाहेर. अशी गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा डोकं ठिकाणावर नसल्यासारखी इकडेतिकडे जाते. आणि बायको येण्याच्या आधी मीच जुन्या खुणांप्रमाणे रॉड बसवले होते.

"हलू नकोस," मी म्हणालो.

"मी श्वाससुद्धा जपून घेतेय."

पुन्हा मोजलं. तेच. खडूची रेघ पुसून नवी मारली. तेच. मग मी तिला उतरवलं, स्वतः बसलो आणि तिच्या हातात टेप दिला. शाळेत फूटपट्टी वाचायला शिकवणारी बाई, तिच्या मोजण्यात चूक नसते. "पुढे चार कमी," ती म्हणाली. पुन्हा ती वर, मी खाली. तीन जास्त. असं आम्ही तीन वेळा केलं. मेडिकलवाला आता खुर्ची बाहेर घेऊन बसला होता.

"अहो, यात न समजण्यासारखं काय आहे?" बायको शेवटी म्हणाली. "तुम्ही नव्वद किलो, मी पंचावन्न. तुम्ही बसलात की ती दबते, मी बसले की दबत नाही. दबली की चाकं वेगळी उभी राहतात. तिसरीतल्या मुलालाही कळेल."

मला कळलं होतं. कळलं म्हणूनच मी उठत नव्हतो. मोटार टनाची असते. तिच्यात नव्वद किलोचा माणूस बसला काय आणि पन्नासचा बसला काय, चाकांना फारसा पत्ता लागत नाही. तीस वर्षं मी मोटारी सरळ केल्या आणि बसणाऱ्याचं वजन कधी विचारात घेतलं नाही, कारण घ्यावंच लागलं नाही. ही गाडी माझ्यासारख्या दोन माणसांएवढीच. तिच्यावर कोण बसलंय हीच तर निम्मी गोष्ट. कडक केलेल्या स्प्रिंगवर हलकं माणूस बसलं की गाडी उंच राहणार, चाकांना खाली उतरायला जागा राहणार नाही, तोंडं बाहेर वळणार, आणि खड्ड्यातून बाहेर पडताना हँडल हातातून ओढलं जाणार. हे शेवटचं वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्द न् शब्द.

"आणि तिचं वजन किती?" बायकोनं विचारलं.

"एक्कावन्न," मी म्हणालो. ते मला माहीत होतं. लहानपणापासून तिचं वजन मला तोंडपाठ असतं.

बायको गाडीवरून उतरली आणि तिनं निऱ्या सारख्या केल्या.  मला लाज वाटली. त्याला दुसरा शब्द नाही. आपल्यामुळे कोणाचा तरी हात मोडला हे कळल्यावर माणूस जसा बसेल, तसा मी तिथं टेप हातात घेऊन बसलो होतो. डबा तसाच राहिला.

त्यानंतर मी जे केलं ते आणखी वाईट. दोन दिवस दुकान अर्धं बंद ठेवून मी गाडी पुन्हा जमवली. बायकोला बसवून, तिच्यापेक्षा मुलगी चार किलोनं हलकी हे धरून. रिंग ढिली केली, टाय रॉड अडीच आटे फिरवले. गाडी सुरेख झाली. माझा बेत असा होता की रविवारी मुलीला म्हणायचं, विकायच्या आधी एक शेवटची फेरी मार. तिला गाडी आवडेल, ती विकणार नाही, आणि मला काही बोलावं लागणार नाही. बेत मी बायकोला सांगितला. कौतुकाची अपेक्षा होती.

ती पोळी लाटत होती, लाटतच राहिली. "म्हणजे तिला काय वाटेल? की आता तिच्या हातात जोर आला. आणि तेव्हा नव्हता, म्हणून पडली. तुम्ही गाडी दुरुस्त कराल हो, पोरीचं काय?"

मी ताटं घ्यायला उठलो.

"आणि चार लोकांत बोललात ना तिला? मग चार लोकांतच सांगा."

शनिवारी मी शेडमध्ये जाऊन दोन दिवस खपून केलेलं सगळं उलटं फिरवलं. रिंग पुन्हा आवळली, टाय रॉड अडीच आटे मागे. माझ्या हातानं, नीट मोजून, गाडी पुन्हा चुकीची केली. आयुष्यात असं काम पहिल्यांदाच केलं. पाना हातात जड लागत होता.

रविवारी सकाळी गाडी टेम्पोत चढवून आम्ही मांजरीला गेलो. साताऱ्याचा मुलगा अकराला येणार होता. ट्रॅकवर नेहमीचेच आठ-दहा जण होते, मालक बाजेवर होता. मुलगी साध्या कपड्यांत आली होती. हेल्मेट आणलं होतं, पण ते विकत घेणाऱ्याला द्यायला. मी गाडी चिंचेच्या सावलीत सपाटीवर लावली आणि तिला म्हणालो, "जरा वर बस. हँडल सरळ धर."

"आता कशाला?"

"बस तर खरं."

ती बसली. मी खाली बसलो. खडूनं रेघा मारल्या, मोजलं, आणि टेप तसाच धरून तिला वाकून आकडा वाचायला लावला. मग तिला उतरवलं, मी वर बसलो, आणि तिला खालून मोजायला लावलं. ती इंजिनियर आहे. दुसऱ्यांदा आकडा वाचल्यावर ती टेप हातात घेऊन तशीच बसून राहिली. वर बघितलं नाही.

मी गाडीवरूनच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी गाडी माझ्या वजनावर बसवली होती. त्या दिवशी हँडल ओढलं गेलं ते गाडीमुळे. तुझ्या हातात जोर होता. चूक माझी होती, आणि मी ती सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकलली."

 मग मालक बाजेवरून म्हणाला, "म्हंजे शर्ट तुमच्या मापाचा शिवला, आन् घातला पोरीला." एकदोघं हसले. मी हसलो नाही, कारण त्यानं बरोबर सांगितलं होतं.

मुलगी उठली. कपड्यांची माती झटकली. "मी तीनदा सांगितलं होतं," ती म्हणाली.

मला एकदाच आठवत होतं. मी तसं म्हणालोही.

"एकदा इथं, तू चालवून झाल्यावर. एकदा परत जाताना टेम्पोत. आणि पडायच्या आधी दोन दिवस, ऑफिसमधून फोन केला होता. तू म्हणालास, गिऱ्हाईक आहे, ठेव." ती हे ओरडून बोलत नव्हती. दुकानात येणारी शहाणी माणसं तक्रार सांगतात तशी, एकामागून एक सांगत होती. "मला वाटलं, मलाच काहीतरी होतंय. मी तो चेंडू अजून दाबते, बाबा. प्लास्टर होतं तेव्हा दुसऱ्या हातानं दाबायचे."

 मी म्हणालो, "चुकलो." एवढंच. आणि खाली उतरलो.

 मग तिनं हात पुढे केला. "पाना दे."

मी दिला. पहिला नट माझ्या सवयीनं मीच धरायला गेलो, तर म्हणाली, "हात लावू नकोस." ज्या हाताचं हाड मोडलं होतं त्याच हातानं तिनं नट ढिला केला. तिचा चेहरा दुखल्यासारखा झाला, मी मान फिरवली. आधी शॉकअपची रिंग ढिली केली. मग ती वर बसायची, मी खाली मोजून आकडा सांगायचो, ती उतरून रॉड फिरवायची, पुन्हा वर. अडीच आटे लागतील हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. तिनं तीनला थोडे कमी फिरवले, आणि बरोबर तिथंच थांबली, कारण मी ते चार किलो अंदाजानं धरले होते आणि इथं ती स्वतः बसली होती. रिंग ढिली केली. सगळे नट आवळले. मग हेल्मेट उचललं.

"शेवटचा पाना मी लावला," ती म्हणाली.

मला माझ्या उस्तादांच्या नियमाविरुद्ध बोलता येईना. ती निघाली. पहिल्या उंचवट्यावर ती जपून गेली, दुसऱ्यावर जरा कमी जपून. मी या वेळी गाडीकडे पाहत नव्हतो. तिच्या हातांकडे पाहत होतो. खड्ड्यातून बाहेर पडताना चाकं खाली उतरली, जमिनीला धरून राहिली, आणि तिचे हात होते तिथंच राहिले. मालक उभा राहून बघत होता. माझे डोळे भरून आले होते. धूळ होती म्हणायला हरकत नाही, पण धूळ नव्हती.

तेवढ्यात साताऱ्याचा मुलगा आला. "गाडी हीच का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "मालकीण फेरीवर आहे, तिलाच विचारा." मालकानं त्याच्या हातात चहा दिला.

पाच फेऱ्या मारून ती आली, इंजिन बंद केलं, हेल्मेटची काच वर केली. त्या मुलाला म्हणाली, "सॉरी हं दादा, मी फोन करायला हवा होता." तो बिचारा चहा घेऊन उभाच राहिला. मग ती माझ्याकडे वळली. "डावीकडे वळताना जरा जड जातंय."

माझ्या जिभेवर आलंच होतं: हात अजून पुरता बरा नाही, म्हणून. अगदी टोकापर्यंत आलं होतं. तीस वर्षांची सवय एका रविवारी जात नाही. मी ते गिळलं, गुडघे धरून खाली बसलो आणि विचारलं, "कुठल्या वळणावर?"

 माझ्याकडे बघत राहिली. ती दुसऱ्याच वाक्याची वाट बघत होती.

"दुसऱ्या," मग म्हणाली. "चिंचेपाशी."